मुद्दल शाबूत आहे

"मुद्दल शाबूत आहे," रत्नपारखी सर तिसऱ्यांदा म्हणाले. "शाबूत काय, अडीचपटीच्या वर गेलंय. पाच हजाराचे तेरा हजार झालेत. आणि तू विचारतेस पैसे गेले कुठे?"

"सर, मी तसं नाही विचारलं. पद्माच्या वर्षाला हजार रुपये कमी का पडतायत, एवढंच विचारलं."

"कारण यंदा शिल्लक नाही."

"पण निधी वाढलाय ना?"

"हौ, वाढलाय. पण ते मुद्दल आहे. मुद्दलाला हात लावायचा नसतो."

मी पेन खाली ठेवलं. तेरा हजारांचा निधी आणि एका मुलीच्या शिक्षणाला हजार रुपये नाहीत. या दोन वाक्यांपैकी एक खोटं असलं पाहिजे, असं मला वाटलं. कुठलं, ते कळेना.

हे संभाषण झालं सुलतान बाजारात, एका साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर. तिथे आमच्या राव साहेबांचं ऑफिस आहे. ते चार्टर्ड अकाउंटंट, मी त्यांची आर्टिकल क्लार्क. म्हणजे सी.ए. होण्याआधी काही वर्षं जुन्या सी.ए.च्या हाताखाली राबायचं, आणि त्याबद्दल बसभाडं आणि जेवणाचा डबा भागेल एवढा स्टायपेंड घ्यायचा.

रत्नपारखी सर आमचे क्लायंट नव्हते. ते माझे शाळेतले गणिताचे सर. आमच्या मराठी शाळेत एक छोटा शिष्यवृत्ती निधी आहे. चौदा वर्षांपूर्वी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर शाळेत आले. त्यांची पत्नी आमच्या शाळेत शिकवायची. तिच्या आठवणीसाठी त्यांनी आपल्याच कारखान्याचे शंभर शेअर दिले. शेअरचा भाव तेव्हा पन्नास रुपये होता. म्हणजे पाच हजार. कंपनी असल्या निधीच्या नावाने शेअर नोंदवत नाही, म्हणून ते रत्नपारखी सर आणि शाळेतल्याच अष्टेकर बाई या दोघांच्या नावावर करून घेतले. डिव्हिडंड, म्हणजे कंपनी दरवर्षी नफ्यातून शेअरमागे वाटते ती रक्कम, त्यातून दर साली एका गरजू मुलीचं वर्ष पार पाडायचं. फी, पुस्तकं, दोन युनिफॉर्म, बसचा पास.

निधीचं ऑडिट कुणी मागितलेलं नव्हतं. पण यंदा पहिल्यांदाच वर्गणीने भागणार नाहीत एवढे पैसे कमी पडले, आणि सरांचं मन त्यांना खात होतं. "तू बघून दे," म्हणाले. राव साहेबांनी फुकट करायला परवानगी दिली. यंदाची मुलगी पद्मा. दहावीत गेलेली. तिची आई बेगम बाजारात मिरच्या निवडायला जाते. बारा जूनपर्यंत फी भरली नाही तर ती पद्मालाही बरोबर नेणार होती. आमच्या हातात तीन आठवडे होते.

खरं सांगायचं तर मी आधीच चिडलेली होते. माझे वडील युनियनचे. आमच्या घरात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. शेअर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो सट्टेबाज या शब्दाच्या शेजारी. आणि आता रोज पेपरात शेअर, बसस्टॉपवर शेअर, इराण्याच्या हॉटेलात चहाच्या टेबलावर शेअर. एका मुलीची दहावी असल्या कागदावर टांगून ठेवायची, हे मला मुळातच पटत नव्हतं.

कागद उघडले. सरांचा हिशोब सुंदर. प्रत्येक ओळ पट्टीने आखलेली.

पहिल्या वर्षी डिव्हिडंड अडीचशे, मुलीचा खर्च अडीचशे. बरोबर जमलं. पुढची चार वर्षं डिव्हिडंड तोच, खर्च चढता. वरचे पैसे शिक्षकांनी वर्गणी काढून घातले. सहाव्या वर्षी मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. डिव्हिडंड एकदम दीडशेवर आला होता. त्यासमोर सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कंपनीने हात आखडता घेतला."

मी कंपनीच्या जुन्या रिपोर्टांची बाडं काढली. त्या वर्षी कंपनीचा नफा वाढलेला. वाटलेला एकूण डिव्हिडंडही वाढलेला. मग आमचाच निम्म्याच्या जवळ कसा आला? शेअर तर शंभरचे शंभर होते. दोनदा मोजले. सर्टिफिकेट हातात घेऊन मोजले.

उत्तर त्याच पानाच्या तळाशी होतं. "बोनस शेअर १००, विक्री, रु. ४०००. बँकेत जमा."

बोनस शेअर म्हणजे काय, ते सांगते. कंपनी कधीकधी म्हणते, तुमच्याकडे एक शेअर असेल तर आणखी एक घ्या, पैसे नकोत. ऐकायला बक्षीस वाटतं. पण त्या दिवशी कंपनीकडे एक पंपही जास्त आलेला नसतो. दोनशे पानी वही मधोमध फाडून शंभर-शंभर पानांच्या दोन वह्या केल्या, तर पानं वाढत नाहीत. शेअरचा भाव ऐंशी होता, तो चाळीसवर आला. सरांकडे आता दोनशे शेअर होते, आणि त्यांची एकूण किंमत आदल्या दिवशीएवढीच होती.

सरांनी त्यातले शंभर "फुकटचे" म्हणून विकले. आणि पुढची आठ वर्षं त्या चार हजारांतून मुलींचे खर्च भागवले. मूळचे शंभर शेअर कुलुपात. मुद्दल शाबूत.

अर्धं मुद्दल विकून खाल्लं होतं. चौदा वर्षं मुद्दलाला हात न लावणाऱ्या माणसांनी.

मी फाईल घेऊन थेट राव साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, गडबड आहे. निधीचं अर्धं मुद्दल विकलंय. कुणाला सांगितलं नाही. रिपोर्टात लिहायला पाहिजे."

राव साहेब तेलुगू. आमच्याशी दखनी, म्हणजे या शहराची हिंदी, बोलतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्या जी, किसकू फाँसी दे री?"

"सर, हे गंभीर आहे."

"पैसे किसकू गए?"

"मुलींना."

"सर के घर में तो नै गए ना? तो चोरी नक्को बोल. भूल बोल."

"भूल असली तरी मुलींचं नुकसान झालं ना!"

"हुआ क्या? हिसाब लगाई?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक तक्ता काढला. सरकारने कर मोजण्यासाठी नुकताच आणलेला महागाईचा तक्ता. जुनी वस्तू आज विकली, तर तिची जुनी खरेदी किंमत या तक्त्याने आजच्या रुपयात बदलून घ्यायची आणि मग नफा काढायचा. का, तर चौदा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे, हे सरकारनेही एकदाचं कबूल केलं. आमच्या वर्षांसाठी गुणक निघाला साधारण दोन पूर्णांक सहा दशांश.

"पाँच हजार को गुणा कर."

केला. तेरा हजार.

"आज के शेअर कित्ते के?"

शंभर गुणिले एकशे तीस. तेरा हजार.

"बस. मुद्दल जैसा का वैसा है. बढ़ा सो बच्चियों को दे दिए. तेरे सर अनजाने में वोइच किए जो करना था. साइन करके भेज दे."

मी परत टेबलावर आले. सकाळी मला वाटत होतं निधी वाढलाय. दुपारी वाटलं अर्धा बुडालाय. आता कळलं की जागच्या जागी आहे. शेअर तेच, भाव तोच. फक्त सरांनी, मी आणि राव साहेबांनी तीन वेगळ्या रीतींनी मोजलं होतं.

आणि सही करायला फाईल उघडली, तर पान निघालं सातव्या वर्षाचं. "कु. नंदिनी, इयत्ता दहावी. खर्च ५१०. डिव्हिडंड १५०. बोनस विक्रीतून ३६०."

ती नंदिनी मीच. शाळेने माझं दहावीचं वर्ष भागवलं, हे मला माहीत होतं. वडिलांचा संप चालू होता. पैसे कुठून आले, हे मी कधी विचारलं नव्हतं. वडिलांनीही विचारलं नसावं.

राव साहेब चहाला बाहेर आले, तेव्हा त्यांनी ते पान बघितलं. जोरात हसले. "तो मुद्दल तू भी खाई बोल ना!"

मला हसू आलं नाही. मी खाल्लं ते मुद्दल की वाढ? राव साहेबांच्या तक्त्याप्रमाणे वाढ. कंपनीच्या कागदाप्रमाणे मुद्दल. आणि काहीही असलं तरी पद्माच्या फीला हजार रुपये नव्हतेच. मुद्दल जागच्या जागी असेल, तर जे पहिल्या वर्षी जमलं ते यंदा का जमत नाही? या प्रश्नाला तक्त्यात उत्तर नव्हतं. मी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मलकपेठला अष्टेकर बाईंकडे गेले. बाई निधीच्या खजिनदार. खर्चाची वही त्यांच्याकडे असते. सरांच्या हिशोबात फक्त बेरीज. बाईंच्या वहीत एकेक जिन्नस. चौदा वर्षांचा. युनिफॉर्मचं कापड किती मीटर, काय भावाने. शिलाई. भूगोलाचं पुस्तक. कंपासपेटी. बोर्डाच्या परीक्षेची फी.

"बाई, सरकार म्हणतं महागाई अडीचपट झाली. थोडी जास्तच."

"सरकारला मुलगी दहावीत बसवायचीय का?" बाई म्हणाल्या. "हे बघ. शिलाई सहापट. पुस्तकं पाचपट. बसचा पास तर विचारूच नकोस. सगळं मिळून पहिल्या मुलीला अडीचशे लागले होते. पद्माला तेराशे लागतायत."

पाचपटीच्या वर. तक्त्याच्या बरोबर दुप्पट.

तक्ता खोटा नव्हता. तो सगळ्या देशाच्या सगळ्या खरेदीची सरासरी धरतो. पण आमचा निधी सगळ्या देशासाठी नव्हता. तो एकच वस्तू विकत घ्यायला ठेवला होता: एका मुलीचं एक वर्ष. मग त्याच वस्तूत मोजायला हवं. मी बाईंच्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. सुरुवातीला पाच हजार भागिले अडीचशे: वीस वर्षं. आज तेरा हजार भागिले तेराशे: दहा वर्षं.

"म्हणजे अर्धं झालं," बाई म्हणाल्या.

"हो."

"काल तू फोनवर म्हणालीस जागच्या जागी आहे."

"काल तसंच होतं."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा आठवीत जाऊन बसले.

रविवारी सकाळी शाळेत दहावी ब च्या वर्गात बैठक झाली. सर, बाई, मी, आणि पद्माची आई. तिला बाईंनीच बोलावलं होतं. राव साहेबांनी निघताना बजावलं होतं, "बोल, पर चिल्ला नक्को." मी चार पानांचं निवेदन लिहून नेलं होतं. त्यात "विश्वस्तांची अक्षम्य बेपर्वाई" असे शब्द होते. सरांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, आणि मी ती पानं पर्समध्येच ठेवली.

वही फाडून दाखवली. दोनशे पानी, नवी कोरी, मधोमध.

"सर, यातली एक वही विकली. दुसरी कपाटात ठेवली. आणि आपण म्हणतो वही शाबूत आहे."

"पण शंभर आले होते. शंभर आहेत," सर म्हणाले.

"शंभर आहेत. प्रत्येक शेअर मात्र पूर्वीच्या अर्धा आहे. म्हणून डिव्हिडंड खाली आला. कंपनीने हात आखडला नव्हता."

सरांनी फाटलेल्या वहीचे दोन्ही भाग जुळवून बघितले. मग उठले. खडू घेतला. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. त्यांना आणखी समजावायची गरज नव्हती.

"विकले नसते तर आज दोनशे शेअर. दोनशे गुणिले एकशे तीस. सव्वीस हजार." फळ्यावर लिहीत गेले. "भागिले तेराशे. वीस." थांबले. "आणि सुरुवातीला?"

"वीस," मी म्हणाले.

"म्हणजे चौदा वर्षांत शेअर रुपयांनी पाचपटीच्या वर वाढला, आणि मुलींनी मोजला तर काहीच वाढला नाही?"

"नाही वाढला. डिव्हिडंड मिळाला तेवढाच काय तो."

"वेड्यासारखे भाव चढले होते तेव्हा हाच शेअर दोनशेवर गेला होता. लोक मला मूर्ख म्हणाले. तरी मी विकला नाही. मुद्दल म्हणून." त्यांनी खडू खाली ठेवला. "आणि मुद्दल तर मी आधीच विकून बसलो होतो."



"विकलं नसतंत, तर आठ मुली घरी बसल्या असत्या," बाई म्हणाल्या.

"विकलं म्हणून पुढच्या दहा घरी बसतील," सर म्हणाले.

दोघंही बरोबर होते. मी त्या आठांतली एक होते. माझ्याकडे मत मागू नये, असं मला वाटत होतं.

पद्माची आई बाकावर अंग चोरून बसली होती. ती म्हणाली, "सर, मला ह्ये काय कळंना. लई पैसे हायत म्हन्ता, आन् नाहीतबी म्हन्ता. माज्या पोरीच्या यंदाच्या सालाचं काय?"

सरांनी फळ्याकडे बघितलं. "दहा," ते म्हणाले. "दहा वर्षं आहेत आपल्याकडे. त्यातलं एक हिचं."

"पण मुद्दल?" हे मीच विचारलं. सवय.

"कसलं मुद्दल? अष्टेकर बाई, त्या स्टोअरकीपरचं पत्र काढा."

पत्र चार ओळींचं होतं. दर साली एका मुलीचं वर्ष पार पडावं, एवढंच त्यात लिहिलं होतं. मुद्दल हा शब्द कुठेही नव्हता. तो पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात होता. सरांच्याच अक्षरात. आमच्याकडे कुठलीही देणगी आली की 'मुद्दलाला हात लावू नये' हे वाक्य आपोआप लिहिलं जातं. देवळाच्या निधीत, वाचनालयाच्या निधीत, सगळीकडे. ते कुणी ठरवत नाही. म्हणून ते कशात मोजायचं, हेही कुणी ठरवत नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. पन्नास शेअर विकायचे. गरज तशी दहा शेअरांचीही नव्हती, पण बाजारात या शेअरचा लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा, पन्नासाचा आहे. सुटे विकायला गेलं की दलाल भाव पाडतो. उरलेले पैसे बँकेत. दुसरं, हिशोबाच्या वहीत रुपयांच्या शेजारी एक नवा रकाना: किती मुलींची वर्षं. तिसरं सरांनी स्वतः इतिवृत्तात लिहिलं. सहाव्या वर्षी आपण अज्ञानाने अर्धा निधी विकला, आणि पुढे आठ वर्षं तो शाबूत असल्याचं सांगत राहिलो. मी म्हटलं, सर, एवढं लिहायची गरज नाही. ते म्हणाले, ऑडिटर तू आहेस की मी?

दलालाकडून पैसे यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर बाईंनी स्वतःच्या पासबुकातून हजार रुपये घातले. नऊ जूनला फी भरली. पावती फाईलला लावली आहे.

बैठक संपल्यावर मी बाईंना गाठलं. "बाई, माझ्या वर्षाचे पाचशे दहा रुपये मी निधीला परत देणार आहे."

"कुठले पाचशे दहा?"

"वहीत लिहिलेत ते."

"त्यात आज मुलीचे पाच महिनेही निघायचे नाहीत. तू पाचशे दहा घेतले होतेस की एक वर्ष घेतलं होतंस?"

मी बोटांवर हिशोब करायला लागले.

"तेराशे," बाई म्हणाल्या. "हप्त्याने दे."

माझ्या स्टायपेंडमधून जमतील तसे दिले. पुढच्या मे अखेर साडेसहाशे झाले होते. अर्धं वर्ष फिटलं. मी निम्मी मोकळी झाले, असं बाईंना फोनवर सांगितलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी नव्या मुलीची यादी केली. वर्षाचा खर्च साडेचौदाशे निघाला.

सध्या माझ्याकडे अर्धं वर्ष बाकी आहे. ते गेल्या महिन्यात साडेसहाशेचं होतं, आता सव्वासातशेचं आहे. माझा स्टायपेंड वाढलेला नाही. आर्टिकल क्लार्कना माझा एकच सल्ला आहे: हप्ता जून लागायच्या आत भरावा.